उजवा पाय पुढे

९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र कामाचं आहे. ख्यालीखुशाली विचारण्याइतकं आपलं सध्या नाही, आणि तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या क्लासच्या पत्त्यावर लिहिते आहे. पाकीट उघडलंस तर शेवटपर्यंत वाच, एवढंच.

बाबा पडतात.

अडखळून नाही, चक्कर येऊनही नाही. नुसते उभे असताना मागे कलतात आणि भिंतीला टेकवलेली फळी सरकावी तसे ताठच्या ताठ मागे जातात. मेंदूच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की तोल जाताना शरीर आपोआप सावरतं, ते सावरणंच बंद पडत चाललं आहे. यात आयुष्यभर डोक्यावर खाल्लेल्या ठोशांचा वाटा किती, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तसं मोजता येत नाही." मोजता येत नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो, तुला माहीत आहे. पण त्यांचं बरोबर असावं.

हे बरं होणारं नाही. आठवणही हळूहळू जाणार. सध्या सकाळी ठीक असतात, दुपारनंतर माणसांची सरमिसळ करतात.

डॉक्टरांनी देखभालीच्या ठिकाणी ठेवायला सांगितलं. पुढच्या पडण्यात डोकं तरी फुटेल नाहीतर खुबा तरी मोडेल, म्हणाले. मी एक जागा बघून आले. स्वच्छ आहे, माणसं सभ्य आहेत. खुर्च्यांना पट्टे आहेत. पडू नये म्हणून माणसाला खुर्चीला बांधून ठेवतात. मी त्या खुर्चीत बाबांना बसवून पाहिलं, मनातल्या मनात, आणि घरी परत आले.

तर ते घरीच आहेत. वर आपल्या खोल्या, खाली बॉक्सिंगचा हॉल, सगळं जिथल्या तिथे. हॉल बंद झालेला नाही. मुलं येतात, घंटाकाका अजून घड्याळ धरून घंटा बडवतात, आणि बाबा रिंगच्या दोराला धरून ओरडतात, "हनुवटी खाली!" आवाज शाबूत आहे.

रोज सकाळी हॉलमधल्या जुन्या काट्यावर चढतात. तो काटा मी स्वतः तपासते, दिवसभर लोकांचे काटे तपासते तसाच, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. बाबा दोन वजनगट खाली आले आहेत. त्यांना याचा आनंद आहे. "बघ, एक पाऊल न धावता उतरवलं," म्हणतात.

तू यावंस, ते तुला ओळखतात तोवर, अशी माझी विनंती आहे. त्यांनी तुझ्याबद्दल काही विचारलेलं नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे तू भलत्या आशेवर येणार नाहीस.

धाकटी


२ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक.

गेल्या आठवड्यात बाबा मुलांसमोर पडले. डोकं रिंगच्या पायरीवर आपटलं, टाके घालावे लागले. घंटाकाका धावले तर बाबा खालूनच म्हणाले, "मोजू नकोस रे, उठतोय!" मुलं हसली. मग थांबली, कारण ते उठत नव्हते.

काका आणि मी मिळून उचलायला गेलो. कसं उचलायचं ते आम्हा दोघांनाही येत नव्हतं. काकांनी दंड धरला, मी बगल धरली, बाबा मध्ये ओल्या पोत्यासारखे घसरत राहिले. माणसाला खाली कसं पाडायचं यावर मी जन्मभर त्या घरात ऐकत आले आहे. त्याला वर कसं आणायचं ते कुणी शिकवलं नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात आली. आमच्या कामात जी प्रमाण वजनं असतात, ज्यांच्याशी बाकीचे काटे ताडून बघतात, त्यांना उघड्या हाताने शिवायचं नसतं. हाताचा घाम लागला तरी वजन बदलतं. हातमोजा किंवा चिमटा. आपल्या घरातही जवळपास हाच नियम होता. बाबांनी आपल्याला हात लावला तो ग्लव्ह घालून, आपण त्यांना लावला तो ग्लव्ह घालून. त्या दिवशी मी त्यांच्या उघड्या बगलेत हात घातला आणि दचकले. इतके ते गरम होते.

मी चटईवाल्या बाईंकडे गेले. हो, तुझ्याच ज्युदोच्या बाई. बाबांनी त्यांना दिलेलं नाव त्यांना माहीत आहे, आणि ते त्यांना आवडतं असं त्या म्हणाल्या. मला बघताच "डावरीची बहीण," म्हणाल्या, तू सराव करायचीस त्या खिडकीखालच्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं, बाकी तुझा विषय काढला नाही.

मी सांगितलं, "मला लढायचं नाही. एक माणूस पडत असताना त्याला धरायचं आणि न लागता खाली ठेवायचं, एवढंच शिकायचंय."

"मग योग्य जागी आलीस," बाई म्हणाल्या. "ज्युदो म्हणजे तेच. आम्ही फक्त जरा जोरात ठेवतो."

मग त्यांनी मला स्वतःला धरायला सांगितलं. मी धरलं. त्या म्हणाल्या, "हे काय, फाईल धरलीयेस का? मिठी मारल्यासारखं धर."

"ते मला फारसं येत नाही."

"काय येत नाही, मारायला की धरायला?"

मी पुन्हा धरलं.

पहिल्याच दिवशी माझे पाय चुकले. लहानपणी बाबांच्या रांगेत उभी राहायचे त्याच पवित्र्यात राहिले, डावा पाय पुढे. बाईंनी पायानेच माझा पाय मागे सारला. तुला हे पाठ आहे, पण मला नवीन होतं. बॉक्सिंगमध्ये उजव्या हाताचा माणूस डावा पाय पुढे ठेवतो, जोराचा हात मागे राखून. चटईवर नेमकं उलट. जोराचा हात पकडायला पुढे लागतो, म्हणून उजव्या हाताच्या माणसाचा उजवा पाय पुढे. मी रोज सकाळी कामाच्या आधी जाते. आता पाय आपोआप तसेच पडतात, बसची वाट बघतानाही.

आणि पाठीवर पडायला शिकवताना बाईंचा पहिला हुकूम काय होता, माहीत आहे? "हनुवटी छातीला." डोकं मागे आपटू नये म्हणून. मी उठून बसले आणि हसले. त्यांना कारण कळेना. आपल्या घरात ज्यांवरून कधी भांडण झालं नाही असे दोनच शब्द होते, आणि तेच इथे निघाले.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

धाकटी


२१ मार्च

ताई,

बाबांना सांगितलं. बाईंनाच घरी घेऊन आले.

त्या टेम्पोत चटया घालून आल्या. बाबा हॉलच्या दारात खुर्चीवर होते. सकाळ होती, डोकं ताळ्यावर होतं. चटया उतरताना बघून म्हणाले, "बूट काढून यायचं का, बाई?"

"माझ्या चटईवर काढून. तुमच्या फरशीवर तुम्ही सांगाल तसं."

"जन्मभर पोरांना एकच शिकवलं, पाठ लागू द्यायची नाही. आता म्हातारपणी पडायची शिकवणी लावू?"

"पडताय तर रोजच, मास्तर. मी म्हणते, नीट पडा."

घंटाकाका मागे खोकल्यासारखं करून हसले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे हिचं डोकं," म्हणाले. "कसलं तरी यंत्र बिघडलं की ही माणूस बोलावते." आणि तोंड फिरवलं. बाई चटया तिथेच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तयार झाले. कसे, ते सांगत बसत नाही.

शिकवणी चालू आहे. चटईवर उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला, पाठ गोल, मागे लवंडायचं आणि तळहात बाजूला जमिनीवर सपकन मारायचा, म्हणजे धक्का पाठीऐवजी हातातून निघून जातो. बाबांची अडचण वेगळीच निघाली. तोल गेला की त्यांचे हात वर येतात, तोंडापुढे. जन्माची सवय. बाई कडेला बसून म्हणाल्या, "मास्तर, हात खाली. जमीन काही ठोसा मारणार नाही."

"कशी नाही? शेवटचा ठोसा तीच मारते."

पण शिकतात. हनुवटीचं तर सांगावंच लागलं नाही. ते स्वतः मागे लवंडताना ओरडतात, "हनुवटी खाली!" आणि स्वतःचंच ऐकतात.

फुकट शिकणार नाही, ही त्यांची अट. एक त्यांनी शिकायचं, एक त्यांनी शिकवायचं. म्हणून मी कामाचा अर्धा दिवस करून घेतला आहे आणि मीही आता रोज दुपारी ग्लव्ह चढवते. माझा जॅब, पुढच्या हाताचा तो झटपट ठोसा, बघून काका म्हणाले, "छान, डास मरेल."

गेल्या सोमवारची गोष्ट लिहिते, कारण ती तुझी आहे. मी बाबांच्या हातातल्या पॅडवर जॅब मारला, आणि बाबा कलायला लागले, म्हणून त्याच पावलाने आत शिरून मी त्यांना कमरेला धरलं आणि खाली ठेवलं. अगदी सावकाश, अंडं ठेवावं तसं. ते चटईवर पडून राहिले, आढ्याकडे बघत. मग म्हणाले, "अगं, हे बघ, जॅबच्या मागून आत शिरता येतं की! समोरचा डोळ्यांपुढचा हात बघतो, तेवढ्यात तू खाली." जसं काही त्यांना आत्ताच सुचलं.

हेच तू जेवताना दोन चमचे घेऊन दाखवायचीस. आणि ते ताट घेऊन उठून जायचे.

धाकटी


१७ एप्रिल

ताई,

या पत्रात जे लिहिणार आहे ते मी गेल्या महिन्यात टाळलं. आता टाळणं चुकीचं होईल.

बाबा तुझ्याबद्दल विचारत नाहीत, असं मी लिहिलं होतं. ते तेव्हा खरं होतं, आताही खरं आहे. फक्त कारण बदललं. त्यांच्या लेखी तू आलेली आहेस.

बाई चटया ठेवून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दोर सोडून हॉलच्या मध्यापर्यंत चालत आले. मी त्यांना धरण्याच्या बेताने समोर उभी राहिले, गुडघे वाकवून, बाईंनी शिकवलं तशी. उजवा पाय पुढे. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. ते कुणाच्याच तोंडाकडे आधी बघत नाहीत, पायांकडे बघतात. शंभर पोरांतून कोण कुठलं हे ते पवित्र्यावरून सांगायचे. त्या हॉलमध्ये उजवा पाय पुढे ठेवणारी एकच डावखुरी मुलगी होऊन गेली, तू.

म्हणाले, "आलीस का, डावरे?"

मी पाय तसाच ठेवला.

"आलीस ते बरं झालं. त्या चटईवाल्या बाईकडून मी शिकणार नाही. धाकटीकडूनही नाही. तू शिकवणार असशील तर शिकतो."

दोनच रस्ते होते. खरं सांगायचं आणि त्यांना फरशीवर पडू द्यायचं, किंवा हो म्हणायचं. मी म्हटलं, "हो, मीच शिकवते." तेव्हापासून रोज दुपारी मी तू असते. सकाळी ते मला धाकटी म्हणून ओळखतात, चहा मागतात, काट्यावर चढतात. जेवणानंतर मी उजवा पाय पुढे टाकते. बाई आणि काका दोघांना माहीत आहे. काका म्हणतात, "चालू दे, पोरी. म्हाताऱ्याच्या दोन मुली परत आल्या, एकीच्या खर्चात."

परवा शिकवणी संपल्यावर ते चटईवर बसले होते, मी शेजारी. त्यांनी तुझ्या त्या लढतीचा विषय काढला. ती पहिली मिश्र लढत, ठोसेही चालतील आणि पकडही. प्रशिक्षक म्हणून तुझ्या कोपऱ्यात उभं राहायला त्यांनी नकार दिला आणि काका उभे राहिले. बाबा शेवटच्या रांगेत होते, मी त्यांच्या शेजारी, आणि लढत संपली तेव्हा तुला त्यांची खुर्ची रिकामी दिसली. घरी आल्यावर तू म्हणालीस, "माझं जिंकणं तुम्हाला बघवलं नाही." ते म्हणाले, "जमिनीवर लोळून जिंकलेलं मी जिंकणं धरत नाही." त्याच आठवड्यात तू गेलीस.

परवाचं त्यांचं बोलणं जसंच्या तसं देते. मी ते ऐकल्यावर लगेच वर जाऊन लिहून काढलं, त्यामुळे फरक फार तर एखाद्या शब्दाचा असेल.

"डावरे, तू त्या दिवशी खाली गेलीस. ती पोरगी वर होती, तू खाली. मला वाटलं संपलं. उभ्याचं मला सगळं वाचता येतं, कुणाचा खांदा हलला की पुढचा ठोसा कुठला ते सांगतो. पण खालचं मला काही कळत नव्हतं. हात कुठला, पाय कुणाचा. तू मरतेयस की जिंकतेयस ते समजेना. मी बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहिलो. टाळ्या ऐकल्या, त्या तुझ्या हेसुद्धा कळलं नाही. तुझ्या कोपऱ्यात उभा राहिलो असतो तर ओरडलो काय असतो, सांग? बापाने कोपऱ्यात उभं राहायचं आणि त्याला ओरडायलाच काही नाही. मी असायला हवं होतं गं. गप्प तर गप्प. पाण्याची बाटली धरून. असायला हवं होतं."

पुढचं वाक्य माझ्याबद्दल होतं, ते वगळते.

मी तुझ्या वतीने काही उत्तर दिलं नाही. तो अधिकार माझा नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, उघडा, आणि बराच वेळ तो तिथे राहिला. तोही तुझाच धर.

हे सगळं तुझं आहे. चुकीच्या पत्त्यावर आलं म्हणून पुढे पाठवते आहे.

ये. मी फार चांगली डावरी नाही. कधीतरी पकडली जाईन.

धाकटी


५ मे

ताई,

काल सकाळी बाबा वरच्या खोलीत एकटे असताना पडले. मी खाली होते. पडल्याचा जो दणका येतो तो आला नाही. त्याऐवजी टाळी वाजल्यासारखा आवाज आला. धावत गेले तर पाठीवर होते, हनुवटी छातीला, एक हात बाजूला पसरलेला, तळवा लालबुंद. कुठेही खरचटलेलं नाही. म्हणाले, "बाईंना सांग. आणि डावरीला पण सांग."

म्हणून सांगते आहे.

यात कौतुकाचं बाकी काही नाही. छातीत कफ झाला आहे, गिळताना ठसका लागतो, खाल्लेलं चुकून फुप्फुसात जातं. तो रोग शेवटी असाच नेतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पडून मरणार नाहीत, एवढं मात्र आपण केलं. आपण म्हणजे तू, मी आणि बाई. आता अंथरुणावर आहेत. काटा दोन दिवस रिकामा आहे.

आता विनंती करत नाही. ये.

धाकटी


२६ जून

ताई,

तू आलीस, याबद्दल मी तुला धन्यवाद म्हटलं नव्हतं. बाबा गेल्यावर सगळं उरकेपर्यंत माणसं होती, आणि नंतर तू सकाळच्या गाडीने गेलीस. तर आधी ते. धन्यवाद.

तू आलीस त्या दिवशी मी कामावर गेले ते काम फार अडलं होतं म्हणून नाही. एका औषधांच्या कारखान्यातले काटे होते, दुसरं कुणीही तपासलं असतं. तुम्हा दोघांना एक दुपार मिळावी म्हणून मी गेले. इतके दिवस मी तुझ्या जागी उभी होते, तू आल्यावर ती जागा रिकामी करून देणं बरोबर वाटलं. संध्याकाळी आले तेव्हा तू त्यांच्या उशाशी बसली होतीस. म्हणालीस, "झोपलेत." मी विचारलं, "बोलले?" तू म्हणालीस, "बोलले." तुझे डोळे सुजले होते. मी समजले की जे व्हायचं ते झालं, ज्याचं त्याला मिळालं. पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते बोललेच नाहीत.

काल घंटाकाका आले होते. हॉलचं काय करायचं ते बोलायला. आम्ही रिंगच्या पायरीवर चहा पीत बसलो. बोलता बोलता म्हणाले, "थोरली शिकून आली म्हणतात, पण उभी उलटी राहायला लागलीय गं."

"उलटी म्हणजे?"

"त्या दुपारी मी वर होतो. मास्तर उशीवरून घसरला होता. ती त्याला वर ओढायला पलंगाशी उभी राहिली, गुडघे वाकवून, तुझ्यासारखीच. पण डावा पाय पुढे."

मला लगेच समजलं. काकांना पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितलं.

तू डावरी. चटईवर डाव्या हाताच्या माणसाचा डावा पाय पुढे. इतकी वर्षं चटईवर काढल्यावर तुझे पाय दुसरीकडे पडणार कसे? आणि बाबांच्या डोळ्यांना डावा पाय पुढे म्हणजे उजव्या हाताची मुलगी. म्हणजे मी.

काका म्हणाले, "त्याने पाय बघितले आणि म्हणाला, 'धाकटे, आज कामावर नाही गेलीस?'"

"मग ताई काय म्हणाली?"

"आधी त्याला उशीवर नीट घेतलं. मग म्हणाली, 'नाही गेले, बाबा.' मला म्हणाली, 'काका, जरा खाली बसता का?' दार लोटून घेतलं. मी जिन्यात होतो. बराच वेळ त्याचाच आवाज येत होता. शब्द नाही लागले, माझ्या कानांची बोंब तुला माहीत आहे. तुझं नाव लागलं. दोनदा का तीनदा. एकदा तो हसला. मग ती रडली वाटतं. का त्याच्या उलट झालं असेल, आधी ती रडली आणि मग तो हसला."

मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. क्रम आठवत नाही म्हणतात.

तू "हो, मी धाकटीच," असं का भासवलंस, ते मी विचारणार नाही. मीही तेच केलं होतं. मरणाऱ्या माणसाला त्याची चूक दाखवण्यात अर्थ नव्हता, आणि कदाचित त्याच्या तोंडून निघालेलं काहीही तुला हवं होतं, मग ते कुणाच्या का नावाने असेना. ते मला समजतं. गाडीत बसताना तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मिटलंस, तेही आता समजतं.

आता माझ्याकडचं एक राहिलेलं देते. एप्रिलच्या पत्रात मी एक वाक्य वगळलं होतं. तुला ते सगळं सांगून झाल्यावर बाबा म्हणाले होते, "धाकटीला यातलं सांगू नकोस. ती चांगली आहे, माझं सगळं तीच करते. पण तिच्याशी काय बोलावं ते मला कधी समजलंच नाही."

मी त्यांच्या शेजारी बसून ते ऐकलं आणि तुझ्यासारखी मान हलवली.

त्यामुळे तुला कळेल मी का लिहिते आहे. ज्या माणसाला माझ्याशी काय बोलावं ते आयुष्यभर समजलं नाही, तो शेवटच्या बोलत्या दुपारी माझं नाव घेऊन इतका वेळ बोलला. आणि मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला हातमोजे घालून एका तराजूच्या पारड्यात वजन ठेवत होते.

बाईंनी त्यांच्या चटया परत नेल्या नाहीत. हॉलमध्येच राहू दे म्हणाल्या, दुपारी येऊन शिकवेन. म्हणजे सकाळी ठोसे, दुपारी पकड, एकाच छताखाली. तू बाबांकडे मागितलं होतंस तेच. तुला शिकवायला यायचं असेल तर किल्ली काकांकडे आहे. याचं उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल.

दुसऱ्याचं मात्र लवकर दे. तुझं जे माझ्याकडे आलं होतं ते मी तुला पाठवलं. माझं जे तुझ्याकडे आहे ते मला पाठव. सुधारून नको, गोड करून नको, आठवतं त्या क्रमाने, ते हसले कुठे तेही. वाईट असेल म्हणून तू गप्प राहिली असशील तरी पाठव.

हनुवटी खाली ठेवून वाचेन.

धाकटी